सोलापूर-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यात पॉलिहाऊसला फॅन-पॅड हवंच

सांगोला_जरबेरा
साध्या, बाजूला पडदे असलेल्या पॉलिहाऊसवर (पिकासाठीच्या प्लास्टिकच्या घरावर) आमच्या भागात उन्हाळा निघत नाही. बाहेर ४० अंश असले की आत त्याहून चार-पाच अंश जास्तच. जरबेऱ्याची दांडी आखूड राहते, फूल लहान पडतं, लाल कोळी ही कीड सुटते. तेही नेमकं लग्नसराईत, भाव असताना.
फॅन-पॅडमध्ये एका भिंतीला जाळीदार कागदाचे ओले पॅड आणि समोर हवा ओढणारे पंखे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे आर्द्रता १५ टक्क्यांवर येते. अशा वेळी ओल्या फडक्याचा थर्मामीटर २१ च्या आसपास दाखवतो (पाण्याच्या वाफेने हवा त्याहून थंड होत नाही) आणि चांगल्या पॅडमधून हवा २५ अंशांची होऊन आत येते. इतका फरक फुकट पडून असताना तो न घेणं मला पटत नाही.

पवनाकाठ
फुकट कसा, दादा? १० गुंठ्यांचं, सरासरी ४ मीटर उंचीचं घर धरा. मिनिटाला एकदा सगळी हवा बदलायची तर मिनिटाला ४००० घनमीटर हवा ओढावी लागते. ती १५ अंशांनी थंड करायला तासाला दीड हजार लिटर पाणी उडतं, दुपारच्या पाच तासांत साडेसात हजार. त्याच घरातल्या ६००० जरबेऱ्यांना ड्रीपने दिवसाला साडेतीन हजार लिटर पुरतं. म्हणजे पिकापेक्षा दुप्पट पाणी हवेला! मे महिन्यात टँकर लागणाऱ्या गावात हे करायचं? आमच्या मावळात उंच घर, वरची खिडकी आणि दुपारपुरतं शेडनेट यावर काम निभतं.

सिंधुदुर्ग_बागायत
कोकणातल्या कुणी हे वाचून पॅड मागवू नयेत. आमच्याकडे मे महिन्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते. पॅडमधून येणारी हवा जेमतेम २९-३० अंशांची, पंख्याच्या टोकाला जाईपर्यंत पुन्हा ३४. वर आत दमटपणा, म्हणजे करपा रोगाला आमंत्रण. विदर्भात घरचा कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारण हेच.

सांगोला_जरबेरा
कोकणाचं शंभर टक्के मान्य, म्हणून तर शीर्षकात कोरडा पट्टा लिहिला.
पवनाकाठ, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण मावळचा पाऊस आणि मावळची हवा आम्हाला नाही. आणि छपराचं पाणी तुम्ही धरलंच नाही. १००० चौरस मीटरच्या छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर. अस्तराच्या, झाकलेल्या शेततळ्यात घेतलं तर बरंचसं उन्हाळ्यापर्यंत टिकतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून पॅडही टिकतात. बोअरच्या जड पाण्यावर पॅडवर पांढरा थर चढतो, हवा अडते आणि लोक म्हणतात, सिस्टीमच वाईट.

जत_ढोबळी
पाण्यापेक्षा मला लाईटची भीती जास्त वाटते. १० गुंठ्यांना एक एचपीचे साधारण सहा पंखे लागतात. शेतीच्या फीडरवर एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी १ वाजता पंखे कशावर फिरवायचे? फॅन-पॅडचं घर बंद असतं, पडदे उघडून हवा खेळवायची सोय नसते. पंखे थांबले की बघता बघता ४५ पार होतं आणि ढोबळीची फुलं गळतात. साधं घर लाईट गेल्यावर निदान श्वास तरी घेतं. अनुदान उभारणीला मिळतं, डिझेलला मिळत नाही.

सांगोला_जरबेरा
ऊन आणि पंख्यांची गरज एकाच वेळी असते, म्हणून सोलर इथे चपखल बसतं. लाईटच्या भरवशावर फॅन-पॅड नकोच, हे मीही म्हणेन. आणि बाजूचे पडदे गुंडाळता येतील असंच घर बांधून घ्यावं. ठेकेदार टाळतात, कारण फटी राहतात आणि त्यांतून गरम हवा आत येते. पण पडदा नीट दाबून बसवता येतो.

पवनाकाठ
सोलर ठीक. पण पाण्याची बेरीज अजून जुळत नाही. रोज साडेसात हजार लिटर, अडीच महिने, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर. तुमचं छप्पर चांगल्या वर्षी ५ लाख देणार, दुष्काळी वर्षी त्याच्या निम्मं. सांगोल्यात तेवढ्या पाण्यावर कुणाचं डाळिंब जगेल, तेही बघा.

सांगोला_जरबेरा
मग पाच-पाच गुंठ्यांच्या दोन घरांचं छप्पर आणि एकालाच पॅड. उन्हाळ्यात पाच गुंठेच चालवा, पण फूल एक नंबरचं काढा.

पवनाकाठ
पाच गुंठ्यांना माझी हरकत नाही. फक्त ड्रीपला वेगळी विहीर किंवा बोअर असेल तरच. दोन्हींना एकच तळं असलं की डिसेंबरपासून ड्रीपलाच पाणी सुटतं आणि एप्रिलमध्ये पॅड कोरडे राहतात.