एस्टीम एमपीएफआय 2001: हलक्या पायावर हिसके, थ्रॉटल सेन्सर बदलू का?

सातारकर_एस्टीम

नमस्कार मंडळी. वडिलांची 2001 ची एस्टीम आहे, जी13बीबी इंजिन, 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह. अजून रोज चालते. सध्या चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असला की बारीक हिसके बसतात. पाय दाबला की सुरेख पळते, खंबाटकी चढताना काहीच जाणवत नाही. घाट संपून सपाटीला लागलं की पुन्हा सुरू. सिग्नलला आयडलिंगही मधूनच वर चढतं. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग, वायरी, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. गॅरेजवाले म्हणतात पेट्रोल पंप बदला. मला थ्रॉटल सेन्सरची, म्हणजे थ्रॉटल किती उघडलाय हे इंजिनला कळवणाऱ्या सेन्सरची, शंका येतेय. घरी बदलता येईल का? बाबांना ही गाडी विकायची नाही, आणि मलाही.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

पंपाला आत्ताच हात लावू नका. पंप कमजोर असता तर चढावर गाडीने दम सोडला असता, कारण पेट्रोल जास्त तिथे लागतं. तुमची गाडी नेमकी उलट वागतेय.

थ्रॉटल सेन्सरमध्ये कार्बनचा एक पट्टा असतो आणि त्यावर सरकणारा बारीक काटा. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतं तेच. आपण गाडी बहुतेक वेळ हलक्या पायानेच चालवतो, त्यामुळे पट्टा झिजतो तोही तेवढ्याच टापूत. झिजलेल्या जागी काट्याचा संपर्क क्षणभर सुटला की व्होल्टेज पडतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं पाय काढला, तो पेट्रोल कमी करतो. लगेच व्होल्टेज परत येतं, मग त्याला वाटतं पाय दाबला, तो जादा पेट्रोल सोडतो. हाच तुमचा हिसका. रीडिंग कायमचं गेलं तर ईसीयूत बिघाडाचा कोड पडतो, इतक्या क्षणिक घसरणीला दिवा बहुधा लागत नाही.

तपासून मगच खर्च करा. वायरींच्या रंगांवर जाऊ नका. कनेक्टर काढून इग्निशन चालू करा: एका वायरीवर पाच व्होल्ट दिसतील. इग्निशन बंद करून बघा, एक वायर अर्थला लागलेली सापडेल. उरलेली तिसरी सिग्नलची. कनेक्टर परत लावा, सिग्नलच्या वायरीत मागच्या बाजूने टाचणी सरकवा, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडा. बंद असताना एक व्होल्टच्या आत, पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास, आणि मधला प्रवास सलग हवा. मीटर काट्याचाच घ्या. डिजिटल मीटरचा आकडा बदलेपर्यंत घसरण होऊन गेलेली असते.

देवगडचा_मेकॅनिक

काकांशी सहमत. फक्त आधी कनेक्टरच्या पिना बघा. आमच्याकडे खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट थर चढतो आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. व्हॅक्यूमचे रबरी पाइपही वाकवून बघा. एवढ्या वर्षांत ते चिरतात, आणि आयडलिंग त्यानेही चढतं.

सातारकर_एस्टीम

पिना स्वच्छ, पाइप शाबूत. शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा काट्याचा मीटर आणला. बंद थ्रॉटलला 0.6. उघडायला लागलो आणि एकच्या जरा पुढे काटा धाडकन खाली येऊन परत वर गेला. पुन्हा केलं, त्याच जागी तेच. पुढे चारपर्यंत सरळ. काका, आता सेन्सर कुठला घेऊ?

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

मग शंकाच नको, सेन्सर गेला. एस्टीम 2007 मध्ये बंद झाली, तरी जी13बीबी जिप्सी किंगमध्ये पुढे बरीच वर्षं होतं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. मात्र जुन्या सेन्सरवरचा नंबर जुळवूनच घ्या. दिसायला सारखा आहे म्हणून उचलू नका, आणि फार स्वस्त मिळाला तर दुकानातच मीटर लावून फिरवून बघा.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सेन्सर दोन फुलीच्या स्क्रूंवर आहे. ते जपानी घाटाचे, साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरने डोक्याची खाच झिजते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा आणि खाचेत घट्ट बसणारा ड्रायव्हर वापरा. थ्रॉटल बॉडी ॲल्युमिनियमची आहे, स्क्रू तुटला तर काम वाढेल.

नवा बसवताना भोकं थेट जुळवून दाबू नका. आधी थोडा तिरका लावा, थ्रॉटलच्या दांड्याची जीभ आत बसली की स्प्रिंगच्या विरोधात हलकेच फिरवून भोकांवर आणा. उलट्या बाजूने अडकला तर रीडिंग चुकतं आणि आतला काटाही मोडतो. स्क्रू बेताने आवळा, भोवती प्लास्टिक आहे.

सातारकर_एस्टीम

बसवला! काटा आता 0.6 पासून चारपर्यंत कुठेही न अडखळता जातो. काल बाबा स्वतः वाईपर्यंत चालवत गेले, एकही हिसका नाही. आयडलिंग मात्र अजून किंचित वर वाटतं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूने खाली आणू का?

देवगडचा_मेकॅनिक

तो स्क्रू कंपनीने बसवून दिलेला असतो, त्याला हात नको. ॲक्सिलरेटर केबल बघा, तिला किंचित ढील हवी. ताणलेली असेल तर बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली हवेची झडप, पूर्ण मिटत नाही. ढील असूनही वरच राहिलं तर थ्रॉटल बॉडी काढून आतली काजळी साफ करा, आयडलिंगच्या व्हॉल्व्हची वाटही त्यातच येते.