किलोवॅटवर जाऊ नका, कागद मागा
दादा, डीलर १ किलोवॅटची पवनचक्की म्हणतोय, घेऊ का, असं विचारलंत. आधी विचारा, किती वाऱ्याला? ताकद वाऱ्याच्या वेगाच्या घनात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. सेकंदाला ११ मीटर वाऱ्याला १ किलोवॅट देणारी चक्की साडेपाच मीटरला जेमतेम सव्वाशे वॅट देते. अमेरिकेत छोट्या पवनचक्क्यांच्या २००९ च्या मानकापासून सेकंदाला ५ मीटर सरासरी वाऱ्याला वर्षाचे युनिट किती, हे प्रमाणपत्रावरच असतं. तिथं बऱ्याच अनुदान योजना त्याशिवाय पैसे सोडत नाहीत. आपल्याकडं चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था चाचणी घेते. तो अहवाल मागाच. बेळगावजवळ येळ्ळूरला आमच्या मळ्यात आषाढात पाती जोरात गरगरतात, दिवाळीनंतर मात्र बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागत नाही. आम्हाला विकणाऱ्यानं असला एकही कागद दिला नव्हता.