मदत हवी आहे: घरी भरलेली .२२३ काडतुसं, ग्रुप (कागदावर गोळ्या किती जवळजवळ बसतात तो) अचानक उधळला

हरणटोळ
इथे रायफलवाले कोणी असतील तर जरा पटकन सांगा. शनिवारी रँचवर जायचंय आणि डोकं फिरायची वेळ आली आहे.

रायफल .२२३, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने उचलून ओढायचा), जड नळी. काडतुसं घरीच भरतो. उन्हाळ्यापर्यंत १०० यार्डांवर पाच गोळ्या पाऊण इंचात बसायच्या. आता त्याच रायफलने अडीच इंच, आणि ३०० वर गोळी कागदाला लागली तरी नशीब. पावडर तीच, प्रायमर (ठोकल्यावर पावडर पेटवणारी टोपी) तेच, पितळ (काडतुसाची केस) तेच, प्रत्येक माप तोलून टाकलेलं. स्कोपचे स्क्रू पुन्हा आवळले. दुसरा स्कोप लावून पाहिला. नळी आतून चकचकीत केली. आता काय राहिलं?

खारी मारायच्या आहेत, ऑलिंपिकला जायचं नाहीये. त्यामुळे श्वास कसा धरावा वगैरे नको.

कागलकर
भावा, रायफल कुठली, गोळी किती ग्रेनची, नळीचा पीळ किती, आणि उन्हाळ्यानंतर बदललं काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणल्यावर त्यानं कुठं हात लावायचा?

हरणटोळ
काहीच बदललं नाही, तेच तर लिहिलंय. रेमिंग्टन ७००, जुनी, शेजारच्या आजोबांकडून घेतलेली. गोळी ५५ ग्रेन, आधीही ५५ आणि आताही ५५.

प्रेसवाले_काका
तुमचा तराजू इलेक्ट्रॉनिक आहे ना? मग बाकी काही शोधू नका. ते तराजू पंख्याच्या वाऱ्याने हलतात, मोबाईल शेजारी ठेवला तर भरकटतात, आणि गरम व्हायच्या आत तोलायला लागलं तर दर दहा मापांनी शून्य सरकतं. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. त्याच्या दहाव्या भागावर तुमचा सगळा खेळ. मी ह्यूस्टनला आल्यापासून दांडीचा तराजू वापरतो. दांडीला बॅटरी लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही.

दुसरं, पावडर बॉल (गोल दाण्यांच्या) जातीची आहे का? तसली असेल तर उन्हात वेग वाढतो, थंडीत पडतो. लांब कांडीच्या पावडरी त्या मानाने शांत.

हरणटोळ
काका, तराजूला चेक वेट (तराजू तपासायचं प्रमाण वजन) लावून पाहिलंय. कांडीचीच पावडर आहे.

प्रेसवाले_काका
चेक वेटसुद्धा तपासून घ्यावं लागतं.

मीरा_दा
माफ करा, पण खारी का मारताय? आमच्या अंगणात येतात, मुलं दाणे घालतात. तीनशे यार्डांवरून एवढ्याशा जिवाला मारण्यात कसला पुरुषार्थ?

हरणटोळ
मीराताई, या रामाच्या खारी नव्हेत. कॅलिफोर्निया ग्राउंड स्क्विरल, जमिनीत बिळं करून राहते. फ्रेस्नोच्या आसपास बदामाच्या बागा आहेत. कोवळ्या झाडांच्या साली कुरतडतात, पाटाचे बांध आतून पोकळ करतात, आणि कुरणात गायी-घोड्यांचे पाय बिळांत जातात. मालकाची लेखी परवानगी आहे, माझ्याकडे हंटिंग लायसन्स आहे, आणि या खारींना इथे बंद हंगाम नाही. मी नाही गेलो तर तो बिळांत विष टाकतो, ते खाऊन बाकीचेही मरतात. यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

शंकासुर
एच-१बी वर बंदूक घेता येते का? माझ्या रूममेटला कोणीतरी सांगितलं की थेट डिपोर्ट करतात.

कागलकर
थांबा थांबा. कॅलिफोर्निया? हे आधी सांगायचं होतं की लगा! आधी कुठं होतास तू?

हरणटोळ
रेनो, नेवाडा. ऑगस्टमध्ये नोकरीनिमित्त इकडे आलो. त्याचा काय संबंध? रायफल गाडीतून जपून आणलीय, कुठे आपटलेली नाही.

कागलकर
रायफल आपटली असं कोण म्हणतंय? कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, खारींनासुद्धा. म्हणजे तू आता शिशाच्या जागी तांब्याची भरतोयस. बरोबर?

हरणटोळ
हो, अर्थातच. इथे सगळेच तांब्याची वापरतात. पण वजन तेच आहे, ५५.

कागलकर
सापडलं. वजन तेच, पण गोळी तीच नाही. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढंच वजन तांब्यात बसवायचं आणि व्यास तर .२२४ इंचच ठेवायचा (.२२३ हे नुसतं काडतुसाचं नाव), तर गोळी लांब होणार. वर प्लास्टिकचं टोक असलं तर आणखी लांब. लांब गोळीला हवेत सरळ राहायला जास्त गिरकी लागते, आणि गिरकी देतो नळीतला पीळ. जुन्या ७०० वर्मिंटला .२२३ मध्ये पीळ १:१२ असतो, म्हणजे बारा इंचांत एक फेरा. शिशाच्या छोट्या ५५ ला तो कसाबसा पुरतो.

आता तीन गोष्टी कर. एक, बोल्ट काढून साफ करायच्या सळईवर घट्ट चिंधी लाव, सळईवर खूण कर, नळीत ढकल, आणि एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोज. दोन, दोन्ही गोळ्या कॅलिपरने लांबीत मोज. तीन, तुझे कागद काढ आणि भोकं गोल आहेत का ते बघ.

प्रेसवाले_काका
हे पिळाचं खूळ आंतरजालावर फार पसरलं आहे. आमच्या वेळी १:१२ मधून सगळे ५५ ग्रेनच मारायचे आणि कोयोटी पडायच्या. वजन तेच म्हणजे वजन तेच. तराजू तपासा.

कागलकर
काका, तुमच्या वेळी ५५ म्हणजे शिशाची, सपाट बुडाची. मी वजनाचं बोलतच नाहीये, लांबीचं बोलतोय.

हरणटोळ
मोजलं. पीळ बारा इंचांत एक. शिशाची जुनी गोळी ०.७४ इंच, ही नवी ०.८० इंच. फक्त सहा शतांश इंचाचा फरक, त्याने एवढं होतं? आणि हो, ३०० च्या कागदावर दोन भोकं लांबट आहेत. कागद ओला असेल म्हणून फाटला असं समजत होतो.

सबमिनिट
वाचनमात्र होतो, पण लांबट भोकं ऐकून राहवलं नाही. गोळी डोलत किंवा आडवी होऊन जातेय. ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्ये तोफांच्या गोळ्यांसाठी एक ढोबळ सूत्र दिलं होतं, ते आजही बरं चालतं. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, वेग २८०० फूट प्रति सेकंदाच्या वर असेल तर १८०, आणि त्याला लांबीने भागायचं. तुमचं मांडू: .२२४ चा वर्ग ०.०५०२, गुणिले १८० म्हणजे ९.०३. भागिले ०.७४ केलं तर १२.२. तुमची नळी १२, म्हणजे शिशाची गोळी काठावर पास. भागिले ०.८० केलं तर ११.३. तुमची १२ ची नळी त्याला कमी पडते. हे सूत्र शिशाच्या गोळीसाठी आहे. तांबं हलकं असल्याने दुरुस्ती केली तर आकडा दहाच्या जवळ येतो. म्हणजे चांगलंच नापास.

आणि रेनोचा संबंध आहे बरं का. रेनो समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर, फ्रेस्नो तीनशे फुटांवर. खाली हवा दाट, आणि दाट हवेत गोळीला सरळ राहणं अवघड. त्यात तुम्ही आता थंडीत पहाटे जाताय, म्हणजे हवा अजून दाट. हीच तांब्याची गोळी रेनोत उन्हात मारली असती तर कदाचित बरी गेली असती.

हरणटोळ
ओके. हे पटतंय. मग पावडर थोडी वाढवून वेग वाढवला तर? वेग वाढला की गिरकीही वाढते ना?

सबमिनिट
अजिबात नको! उलट मला वेगळीच भीती वाटतेय. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये 'पावडर तीच' म्हणालात. मापही तेच ठेवलं आहे का, शिशाच्या गोळीचं?

हरणटोळ
हो. वजन तेच आहे ना.

सबमिनिट
शनिवारी ती काडतुसं नेऊ नका. तांब्याची गोळी लांब असल्याने केसमध्ये खोल बसते, पावडरीची जागा खाते, आणि नळीतल्या पिळाच्या आट्यांत शिरताना शिशाइतकी दबत नाही. या सगळ्याने दाब वाढतो. तांब्याच्या प्रत्येक गोळीसाठी तिच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असतो, त्यातल्या सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात करायची. जास्त दाबाची लक्षणं बघा: बोल्ट उचलताना जड जातोय का? प्रायमर चपटे झालेत का, कडा केसशी सपाट?

माप किती टाकलं ते इथे लिहू नका प्लीज. कोणीतरी वाचून आपल्या रायफलमध्ये भरेल.

हरणटोळ
बोल्ट थोडा जड जातोय. थंडीने वंगण घट्ट झालं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

कागलकर
वंगण नाही भावा. हातोडीचा बुलेट पुलर आण आणि सगळी काडतुसं सोडव. ठोकताना चष्मा घाल. गोळ्या आणि पितळ वाया जात नाही, फक्त एक संध्याकाळ जाते.

प्रेसवाले_काका
या बाबतीत मात्र मी दोघांशी सहमत. दाबाशी खेळ नको. (तराजूचं माझं म्हणणं तरीही कायम आहे.)

वणीचा_शेतकरी
भाऊ, तुमचं वाचून राहिलो कवापासून. आमच्याकडं खारी नाही, रोही (नीलगाय) अन रानडुक्कर हायेत. हरभरा पार लोळवून टाकते रातीतून. घरी बारा बोअर हाय, लायसनची, आजोबाच्या नावावरून बापाच्या अन आता माह्या. काडतूस महाग पडते अन भेटतही नाही लवकर. ते घरी काडतूस भराचं प्रेस मशीन इकडं मागवता येते का?

सबमिनिट
दादा, नका मागवू. भारतात बंदुकीचं लायसन्स असलं तरी काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळं लायसन्स लागतं, कलम ५. घरी भरणं म्हणजे विनापरवाना उत्पादन, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा फार जबर झाली आहे. प्राण्यांचंही तसंच. वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय रोह्यावर गोळी झाडली तर पीक राहील बाजूला आणि केस चालवत बसाल. नुकसानभरपाईचा अर्ज लगेच करा, पंचनामा व्हायच्या आत शेत साफ करू नका.

वणीचा_शेतकरी
अर्ज दोनदा केला. पंचनाम्याले माणूस येईस्तोवर हरभरा निंघून गेलता.

पक्षीवेडी
शिसं बंद का झालं ते कोणी सांगितलं नाही म्हणून सांगते. मेलेल्या जनावरात शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे राहतात. कॅलिफोर्निया काँडोर (तिथलं मोठं गिधाड) ते मांस खातो आणि शिशाने मरतो. १९८२ मध्ये जगात २२ काँडोर उरले होते, शेवटी सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले. आपल्याकडे गिधाडांचं डायक्लोफिनॅक या जनावरांना देत असलेल्या वेदनाशामकाने तेच केलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं पाहायला जरूर जा. तेव्हा हरणटोळ, तुमचा ग्रुप उधळला तरी कायदा चांगलाच आहे.

हरणटोळ
कायद्याला मी नाव ठेवलं नाही. डब्यावर पिळाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला काय जातं, एवढंच म्हणणं.

कागलकर
छापलेला असतो बहुतेक डब्यांवर. मागच्या बाजूला बघ.

शंकासुर
स्वप्निल कुसाळे पण काडतुसं घरी भरतो का? पॅरिसला कांस्य मिळवलं ते.

कागलकर
आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा आहे तो! २०२४, ५० मीटर थ्री पोझिशन. पण ती .२२ रिमफायर. तिचा प्रायमर केसच्या काठात असतो, एकदा ठोकला की केस संपली, ती पुन्हा भरत नाहीत. हे नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून मारून बघतात आणि जो लॉट जमेल तो साठवतात. आमच्या गावात त्या दिवशी...

हरणटोळ
कागलकर, प्लीज. आता पर्याय काय ते सांगा.

कागलकर
बरं. स्वस्त पर्याय: ३५ ते ४० ग्रेनची शिशाविना वर्मिंट (खारींसारख्या छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीची) गोळी घे. ती आखूड असते. डब्यावर १:१२ चालेल असं लिहिलंय का ते आधी बघ. महाग पर्याय: गनस्मिथकडून १:८ ची नवी नळी बसवून घे, मग पुढं काहीही मार. हलक्या गोळीला वारा फार ढकलतो, त्यामुळं ३०० चा नाद सोड आणि खारींच्या जवळ जा.

प्रेसवाले_काका
आणि केसच्या माना ॲनिल केल्यात का, म्हणजे तापवून मऊ? पाच-सहा वेळा भरलेलं पितळ कडक होतं, मान गोळीला सारखी धरत नाही. मी नुकतंच एक यंत्र घेतलं आहे, फोटो टाकतो.

हरणटोळ
४० ग्रेनच्या मागवल्या, मंगळवारी येतील. शनिवार रद्द, रँचवाल्याला कळवलं. काका, फोटो नको.

शंकासुर
एच-१बी चं राहिलंच.

सबमिनिट
नॉन-इमिग्रंट व्हिसावर एरवी बंदी आहे, पण वैध हंटिंग लायसन्स असेल तर केंद्रीय कायद्यात अपवाद आहे. राज्यांचे नियम वेगळे असतात. रूममेटला विचारू नका, वकिलाला विचारा.

प्रेसवाले_काका
यंत्राचा फोटो: (जोडला आहे)