आरडीएस रिस्टोअर होत नाहीये, अर्जंट मदत हवी

दूधवाला_डेव्ह (दुपारी १:१८)
दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, डेटा एडब्ल्यूएसच्या आरडीएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा डेटाबेस). सकाळी एका महाभागाने दरपत्रकाच्या टेबलवर व्हेअर (कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) न लावता अपडेट मारलं. आता फॅट ३.५ असो की ६.५, सगळीकडे एकच दर. कमिट झालंय, म्हणजे बदल पक्का; रोलबॅक सांगू नका. बॅकअपवरून डेटाबेस मागच्या वेळेवर न्यायला गेलो तर एरर. रात्री दहा दिवसांची बिलं काढायचीत. लवकर सांगा.

गावठी_ॲडमिन
कुठला एरर? मायएसक्यूएल की पोस्टग्रेस? रिटेन्शन, म्हणजे बॅकअप ठेवायची मुदत, किती दिवसांचं? शून्यावर असेल तर ऑटोमॅटिक बॅकअपच नसतो, विषय संपला.

क्लाउडकर
बॅकट्रॅक वापर. तोच डेटाबेस मागे जातो, नवीन इन्स्टन्सची (वेगळ्या डेटाबेस सर्व्हरची) भानगड नाही. आम्ही वापरलंय, मस्त आहे.

गावठी_ॲडमिन
ते फक्त ॲमेझॉनच्या ऑरोरा मायएसक्यूएलला, तेही आधीपासून चालू ठेवलं असेल तर. याने अजून इंजिनसुद्धा सांगितलं नाही.

दूधवाला_डेव्ह
साधं पोस्टग्रेस. रिटेन्शन ७. मल्टी-एझेड पण आहे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तयार कॉपी (स्टँडबाय); स्टँडबायवर जुना डेटा असेल ना? एरर म्हणतो, दिलेली वेळ शेवटच्या रिस्टोअरेबल वेळेच्या पुढची आहे. अरे, मी मागचीच वेळ देतोय!

नाना_सर्व्हरवाले
म्हणून सांगतो, स्वतःचा सर्व्हर ठेवा. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) डंप, एक कॉपी घरच्या हार्ड डिस्कवर. कुणाचे पाय धरायला नकोत.

रात्रपाळी_एसक्यूएल
नाना, रात्रीच्या डंपात आज सकाळचं दूध कुठून येणार?
डेव्ह, स्टँडबाय विसर. प्रायमरीवर जे झालं ते तिथेही त्याच क्षणी झालं. मशीन पडलं तर तो कामाचा, माणूस चुकला तर नाही. वेळ नेमकी काय टाकलीस? कमांड दाखव.

दूधवाला_डेव्ह
आजची तारीख, मग टी११:३५:००झेड. अपडेट ११:४० ला झालं, ते लॉगमध्ये दिसतंय.

रात्रपाळी_एसक्यूएल
झेड म्हणजे यूटीसी. ती वेळ आपल्याकडे संध्याकाळचे ५:०५, अजून यायचीय. साडेपाच तास वजा कर, ०६:०५ टाक.

गोठ्यातून
३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून बाकी घन भाग) सध्या काय दर देताय? आमच्याकडे पार मातीमोल झालाय.

दूधवाला_डेव्ह
चालू झालं! पण हे तर वेगळाच इन्स्टन्स बनवतंय. जुन्यावरच का नाही लिहीत?

गावठी_ॲडमिन
नेहमी नवाच बनतो. तयार झाला की जुन्याचं नाव बदल आणि ते नाव नव्याला दे. एंडपॉइंट (ॲप जिथे जोडतं तो पत्ता) तोच राहतो, ॲपला हात लावायला नको.

रात्रपाळी_एसक्यूएल
असलं काही करू नकोस! ११:३५ नंतरच्या उचली, पशुखाद्याच्या नोंदी, सगळं जाईल. फक्त ते एक टेबल नव्यावरून सीएसव्हीत काढ, मूळ डेटाबेसमध्ये दर_जुना नावाने भर आणि आयडी जुळवून दर अपडेट कर. ट्रान्झॅक्शनमध्ये, ओळी मोजून, मगच कमिट.

गावठी_ॲडमिन
दर चुकलेले असताना ॲप चालू ठेवलंच कशाला? दुपारच्या चार नोंदी हाताने भरता येतात. आम्ही तेच केलं होतं.

रात्रपाळी_एसक्यूएल
चार की चारशे, ते त्याला विचारलंस का?

दूधवाला_डेव्ह
बऱ्याच आहेत. टेबलच घेतो. पण नव्याला कनेक्ट होत नाही, नुसता टाइमआउट.

रात्रपाळी_एसक्यूएल
रिस्टोअर करताना सिक्युरिटी ग्रुप (कुणाला आत सोडायचं ते नियम) दिला नसशील, डिफॉल्ट लागलाय. जुन्याचा लाव. पहिली क्वेरी रडतखडत चालेल, डेटा मागून एस३वरून (ॲमेझॉनच्या स्टोरेजवरून) येत असतो. मध्येच कापू नकोस.

दूधवाला_डेव्ह
आलं! फॅटप्रमाणे दर वेगवेगळे दिसतायत, ओळीही जुळल्या. नवा इन्स्टन्स लगेच उडवू का? बिल चढतंय.

रात्रपाळी_एसक्यूएल
बिलं निघून दोन-चार सभासदांचे आकडे तपासेपर्यंत राहू दे. आणि उडवताना नाव दोनदा वाच, दोन्ही सारखीच दिसतात.

नाना_सर्व्हरवाले
हार्ड डिस्क हवी असेल तर माझ्याकडे एक जादा आहे.