खाडीवरचा जुना पूल पाडून नवा होणार आहे, ग्रामसभेत काय विचारू?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. आमचा गाव गोव्यात, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीला मिळणाऱ्या एका लहान खाडीच्या दोन्ही अंगांना. देऊळ, बाजार, रेशनचं दुकान अलीकडे. शाळा आणि दोन वाडे (वस्त्या) पलीकडे. मधला तीन गाळ्यांचा पूल, सासरे सांगतात, गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. गेल्या पावसात स्लॅबचे पोपडे पडले, सळ्या उघड्या दिसतात. अवजड वाहनांना बंदीचा फलक लागला, तेव्हापासून बस अलीकडेच थांबते आणि पलीकडची म्हातारी माणसं औषधाच्या पिशव्या घेऊन पूल चालत ओलांडतात.
नवा पूल मंजूर झाला म्हणतात. पण पंचायतीत कानावर येतंय की पूल कशाला, काँक्रीटचे मोठे गोल पाइप (ह्यूम पाइप) टाकून वर भराव घातला की लवकर आणि स्वस्तात होईल. शिवाय जुना आधी पाडणार. येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मला तांत्रिक काही कळत नाही, पण गप्प बसायचं नाही. नेमकं काय विचारू?

जुना_अभियंता
ताई, पाइपांना ठाम विरोध करा. उन्हाळ्यात आटणाऱ्या व्हाळावर पाइप चालतात, खाडीत नाही. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. पाइपांच्या तोंडाशी फांद्या, प्लास्टिक, गाळ अडकतो. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की वरचं पाणी फुगून शेतात आणि घरांत शिरतं. म्हणून पहिला प्रश्न हा: आज पुलाखाली पाण्याला जेवढी वाट आहे, तेवढी तरी नव्या कामात राहणार का? उत्तर मीटरमध्ये मागा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.
आता पोपड्यांबद्दल. खाऱ्या हवेतलं, पाण्यातलं मीठ वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतं आणि सळीपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, त्यामुळे बाहेरचं काँक्रीट आतून फुटतं. वरून गिलावा मारला तरी आतलं थांबत नाही. १९७०च्या सुमारास बांधलेला मांडवीवरचा पूल १९८६च्या जुलैत कोसळला, त्यातही गंजलेलं पोलाद हेच दुखणं होतं. पुढे कितीतरी वर्षं पणजी-बेती फेरीबोटीवर लोकांनी काढली. माझ्या पिढीचे अभियंते ते विसरलेले नाहीत.
नव्या पुलाचं आयुष्य सळीवर किती काँक्रीट आहे यावर ठरतं. भरती-ओहोटीच्या खाऱ्या पट्ट्यात आयआरसी ११२ हे काँक्रीटच्या पुलांचं भारतीय मानक सळीवर किमान ७५ मिलिमीटर आच्छादन मागतं. एकदा काँक्रीट ओतलं की डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा सळी बांधून झाल्यावर, ओतण्याआधी गावातल्या दोघांनी कनिष्ठ अभियंत्यासोबत जाऊन पट्टी लावावी. हे भांडण नव्हे, तुमचा हक्क आहे. आणि मिक्सरला किंवा पाणी मारायला खाडीचं पाणी अजिबात वापरू देऊ नका. पंप बाजूलाच असतो, म्हणून मोह होतो. टँकरचं गोडं पाणीच हवं.

खाजनशेतकरी
अभियंता बाब बोलले ते खरंच, पण पुलाच्या वरच्या अंगाला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेती, आहे का ते सांगा. असेल तर धोका पूल बांधतानाच सुरू होतो. मशीन उभं करायला ठेकेदार खाडीत माती टाकतो. आमच्याकडे ती काम संपल्यावरही तिथंच राहिली. मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या जागेची, दारं पाण्याच्या जोरावर आपोआप चालतात: भरतीला बाहेरचं पाणी चढलं की मिटतात, ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की उघडतात. खाडी नीट रिकामीच झाली नाही तर दारं उघडत नाहीत, आतलं पाणी आत कुजतं. त्या वर्षी आमचा कोरगूट गेला. खारं सोसणारं भात ते, पण आठवडाभर बुडून राहिलं तर तेही कुजतं. बांधावरून पाणी आत आलं ते वेगळंच.
ग्रामसभेत विचारा, टाकलेली माती कोण काढणार आणि मे संपायच्या आत काढणार का. निविदेत ते कलम नसेल तर नंतर कोणी दाद देत नाही. खाजन कसणाऱ्या कुळांच्या संघटनेच्या अध्यक्षांनाही सोबत घेऊन जा.

काणकोणकर
दोनच गोष्टी. पुलाच्या कठड्याला पाण्याची पाइपलाइन किंवा विजेची केबल बांधलेली आहे का ते बघा. पाडण्याआधी ती हलवली नाही तर पलीकडचे नळ त्याच दिवशी बंद.
दुसरं, नुसत्या फलकावर विसंबू नका. २०१७ साली दक्षिण गोव्यातल्या सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल वापरासाठी बंदच होता, तरी गर्दी चढली आणि तो कोसळला. अवजड गाडी जाऊच नये म्हणून दोन्ही तोंडांना उंचीचा लोखंडी अडसर घालायला सांगा. २०२४च्या ऑगस्टमध्ये कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल रात्री पडला. शेजारी नवा पूल उभा होता म्हणून वाहतूक लवकर सुरू करता आली.

खाडीकाठची
देव बरे करो सगळ्यांचं. वरच्या अंगाला खाजन आहे, मानसही आहे. कठड्याला पाण्याची पाइप आहे, हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग जुना न पाडता शेजारी नवा बांधा, अशीच मागणी करू का?

जुना_अभियंता
जागा असेल तर तीच करा. फक्त दोन्ही टोकांना रस्ता वळवावा लागतो. ती जमीन कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) की खाजगी, ते आधी पाहून ठेवा, नाहीतर भूसंपादनात वर्षं जातात. जागा नसेल तर जुना पाडण्याआधी तात्पुरता पादचारी पूल आणि रुग्णवाहिकेचा ठरलेला रस्ता लेखी मागा.
रविवारआधी एक काम करा. पुलाच्या खांबांवर कालवं (शिंपले) जिथपर्यंत चिकटलेली दिसतात, तिथून स्लॅबच्या तळापर्यंत ओहोटीला टेप लावा, आणि गेल्या मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते सासऱ्यांना दाखवायला सांगा. बांधकाम खात्याच्या नकाशावर पुराची पातळी लिहिलेली असते. ती तुमच्या मापाशी जुळत नसेल तर तिथंच सभेत बोट ठेवा.