माळ्यावर उदमांजर, पिंजऱ्यात शेजारची मनी

यादोगोपाळ पेठ, सातारा:
घर जुनं, कौलारू. कौलं आणि तक्तपोशी (खालचं फळ्यांचं छत) यांच्या मधल्या पोकळीत महिनाभर उदमांजर, म्हणजे रात्री फिरणारा मांजरासारखा रानप्राणी, आहे. रात्री अकराला धडधड सुरू होते ती पहाटेपर्यंत. अण्णांचं वय ब्याऐंशी, त्यांच्या बरोबर डोक्यावर. त्यांना झोप नाही. एका कोपऱ्यातून आंबेमोहोर शिजल्यासारखा वास येतो, पडवीच्या पत्र्यावर चिकूच्या अख्ख्या बिया असलेली विष्ठा पडते. मागून आणलेल्या पिंजऱ्यात पिकलं केळं ठेवलं. पहिल्या रात्री शेजारची मनी अडकली, घाबरून तिनं नाक रक्ताळून घेतलं. दुसऱ्या रात्री घूस. पिंजरा कुठे ठेवू? सापडलं की यवतेश्वरच्या डोंगरात सोडू का?

रानवाटा:
पिंजरा आधी परत करा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली परवानगीशिवाय ते पकडता येत नाही, नेऊन सोडताही येत नाही. वनविभागाच्या 1926 वर फोन करा. आणि डोंगरात सोडून भलं होतं असं समजू नका. तिथं त्याला ना लपायची जागा माहीत, ना फळाची झाडं. इकडे तुमचं भोक उघडंच, त्यात दुसरं येऊन बसेल.

विश्रामबागकर, सांगली:
ताई/दादा, कळकळीनं सांगतो, आमच्यासारखं करू नका. आम्ही एका पिंजरेवाल्याला पैसे दिले. त्यानं उदमांजर धरून नदीपलीकडे सोडलं. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक रडणं ऐकू आलं. फळी काढली तर जुन्या गोधडीच्या चिंध्यांत तीन पिल्लं, डोळे न उघडलेली. एक गार पडलेलं. ती आई होती. उरलेली दोन प्राणीमित्रांकडे दिली, पण तो आवाज आमच्या हिच्या कानातून अजून जात नाही.

माची पेठ:
रोज संध्याकाळी वळचणीला गव्हाचं पीठ भुरभुरा. ये-जा कुठून ते ठशांवरून कळेल. मांजराच्या ठशात चार बोटं, ह्याच्या पाच. पिल्लं नाहीत याची खात्री झाल्यावर, ते रात्री चरायला बाहेर पडलं की भोकाला वेल्डमेश जाळी ठोका. कौलांना टेकणाऱ्या फांद्या आधी तोडा, नाहीतर दुसरीकडून वाट काढेल.

यादोगोपाळ पेठ, सातारा:
सगळ्यांचे आभार. पिंजरा परत दिला. मनीचं नाक भरून आलंय, शेजारच्या काकूंची माफी मागितली. चार दिवस पीठ टाकलं. वाशाच्या टोकाला फुटलेलं कौल आहे, तिथंच पाच बोटांचे ठसे, जाताना आणि येताना. चिकूची फांदी त्याच कौलावर टेकलीय. काल दुपारी शिडीवर चढून तक्तपोशीला कान लावला. आतून अगदी बारीक चिवचिव येत होती. म्हणून जाळी आणि फांदी दोन्ही थांबवलंय. 1926 ला फोन केलाय. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "पोरं मोठी होऊ देत, मग बघू." त्यांची गादी सोप्यात टाकलीय.