पावसाळा सरल्याचे तुमच्या घराला प्रथम कशावरून कळते?

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने असे पंचांग सांगते. पण प्रत्येक घराला त्याची चाहूल निराळ्या जागी लागते. आमच्या पुण्यातील घरात ती गच्चीवर लागते. चार महिने हिरवेगार राहिलेले शेवाळे काळे पडून त्याचे पापुद्रे सुटू लागले की मी गाद्या, रजया आणि डब्यांतल्या डाळी उन्हात घालते. प्राजक्त श्रावणापासूनच फुलत असतो, पण तोवर त्याची फुले चिखलात माखतात. आता ती कोरड्या मातीवर पडतात आणि सकाळी ओंजळ भरून वेचता येतात. तुमच्या घरी, परसात, खिडकीबाहेर काय बदलते, ते सविस्तर लिहावे.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. पावसाळ्यात आमच्या अंगणात गुडघाभर गवत वाढते आणि पाय घसरू नये म्हणून दारापर्यंत चिरे मांडून ठेवावे लागतात. पाऊस उघडला की गवत काढायचे, जमीन उकरून सारखी करायची, पाणी शिंपडून ती चोपण्याने धोपटायची आणि शेणाने सारवायची, तेव्हा कुठे खळे तयार होते. त्याच दिवसांत पडवीला पावसाच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी बांधलेला झावळ्यांचा आडोसा सोडतात; त्या क्षणी घरात एवढा उजेड येतो की जूनपासून आपण अंधारात वावरत होतो, हे तेव्हाच उमगते. दसऱ्याला दारावर आंब्याची पाने, कुरडूची फुले आणि भाताच्या लोंब्या एकत्र बांधल्या जातात. पूर्वी खळे भात झोडण्यासाठी लागत असे. आता आमची मळणी यंत्राने शेतातच उरकते, तरी आई खळे करण्याचे सोडत नाही, कारण तुळशीचे लग्न फरशीवर लावणे तिला पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही.

ठाण्यात आमच्या इमारतीसमोर सातवीणीची झाडे ओळीने लावलेली आहेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांना हिरवट पांढरे झुबके येतात आणि रात्री गंध इतका दाटतो की वडिलांचे डोके दुखू लागते. त्यांच्या खोलीची खिडकी मी लावून घेते आणि स्वतः मात्र बाल्कनीत बसून राहते.

मी चतुर नावाचे कीटक पाहतो. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारी गच्चीवर पिवळसर चतुरांचे थवे जमतात, कुठेही न बसता घिरट्या घालतात आणि काही दिवसांनी दिसेनासे होतात. यांतील एका जातीचे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. हे वाचल्यापासून मी त्या दुपारी कपडे वाळत घालण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे.

न्यू जर्सीत राहत असल्यामुळे माझी खूण उलटी आहे: तुम्ही दारे उघडता तेव्हा आम्ही बंद करतो. मेपल लाल होऊ लागले की माझे लक्ष तुळशीकडे लागते, कारण पहिले हिमतुषार पडण्याच्या कितीतरी आधी, रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागताच तिची पाने काळवंडतात. एका वर्षी मी दोनच दिवस उशीर केला आणि भारतातून आणलेल्या बियांपासून वाढवलेले रोप गमावले. आता सप्टेंबर संपण्याआधीच कुंडी दक्षिणेच्या खिडकीत येते आणि तुलसीविवाहही तिथेच, काचेपाशी होतो.

नाशिक जिल्ह्यात आमची द्राक्षबाग घराला लागूनच आहे, त्यामुळे ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतके दिवस पानांआड झाकलेला रस्ता एकदम दिसू लागतो. इतरांना आनंदाचा वाटणारा हा काळ आमच्या घरी मात्र काळजीचा असतो. छाटणीनंतर फुटी निघून कोवळे घड दिसू लागतात आणि नेमके तेव्हा परतीच्या पावसाने गाठले, तर डाऊनी नावाचा रोग येतो, घड कुजतात आणि वर्षाची मेहनत आठवड्यात जाते. म्हणून या दिवसांत वडील रात्री दोनदा उठून ओसरीवर येतात आणि आकाशात चांदण्या दिसल्या की आत जाऊन झोपतात.